मास्तरांच्या गळ्याचं माप

मास्तरांच्या गळ्यात टेप नाही अशा अवस्थेत त्यांना पाहिलेली माणसं जगात दोनच. एक त्यांची बायको आणि दुसरा त्यांचा न्हावी. बाकी सगळ्यांनी हा माणूस गळ्यात पिवळी टेप, कानावर पेन्सिल आणि कपाळाला आठ्या अशाच अवतारात पाहिला होता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शर्ट-कोट बेतणारे टेलरमास्तर. दुकान एका अरुंद रस्त्यावर पहिल्या मजल्यावर. जिना चढून आत आलं की उजव्या हाताला कटिंगचं लांबलचक टेबल, त्यावर छत्तीस इंचांचा, आकडे कोरलेला पोलादी गज, डाव्या हाताला खिडकीपाशी शिलाई मशीन आणि मशीनवर मास्तरांची बायको. तिला सगळे बाई म्हणत. मास्तर बेतायचे आणि बाई शिवायच्या. एकतीस वर्षांत दुकान एकदाही बंद राहिलं नाही, असं मास्तर छाती फुगवून सांगत. भांडणाच्या दिवशी दुकान उघडं आणि तोंडं बंद असायची, एवढं बाई त्यात घालत.

कॉलर हा मास्तरांचा हातखंडा. ज्याच्या मानेला कुठलाच शर्ट बसत नाही तो शेवटी त्यांचा जिना चढायचा. पण कॉलरीपेक्षाही मास्तर कशाबद्दल हट्टी असतील तर टेपबद्दल. कापडी टेप वापरून वापरून ताणते. तिच्यावरचे आकडे लांब लांब सरकतात आणि मग ती प्रत्येक माप खऱ्यापेक्षा कमी सांगते. म्हणून दर सहा महिन्यांनी नवी टेप आणायची, हा दुकानाचा कायदा. नवी आली की तिची परीक्षा व्हायची. मास्तर टेपचं पितळी टोक गजाच्या सुरुवातीला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचे आणि बाई दुसऱ्या टोकाला ओढून बघायच्या. "ओढ," मास्तर म्हणायचे. "ओढतेच आहे," बाई म्हणायच्या. छत्तीस इंच गजाशी तंतोतंत जुळले की नवी टेप गळ्यात जायची आणि जुनीचे कात्रीनं तुकडे व्हायचे. चुकूनसुद्धा कुणी ती पुन्हा वापरू नये म्हणून.

फक्त एक टेप या कायद्यातून सुटली होती. दुकान उघडलं त्या दिवशीची, पहिली. तिच्यावर कात्री चालवायला मास्तरांचा हात धजेना. घरी कपाटाच्या दाराला आतून आरसा होता, त्याच्या बाजूच्या खिळ्यावर ती आठवण म्हणून लटकत असे.

सुरुवात झाली ती टेपनंच. माप घेऊन झालं की मास्तर टेप झटक्यात मानेभोवती टाकत. एके दिवशी तिचं पितळी टोक उजव्या गळपट्टीच्या हाडाच्या वर आपटलं आणि तिथून एक झिणझिणी दंडाच्या आतल्या बाजूनं निघाली ती थेट करंगळीच्या टोकाला. कोपर भिंतीला आपटल्यावर होतं तशी. मास्तरांनी हात झटकला आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी उशीला दोष दिला, मग खुर्चीला, मग हवेला. दोन महिने ते टेप जरा हळू टाकायला लागले, एवढाच काय तो उपचार.

मग न्हाव्यानं दाढी करता करता वस्तरा थांबवला.

"मास्तर, इथं गाठ आहे हो."

"असेल. दे सोडून."

"अहो, चांगली मोठी आहे," असं म्हणून त्या शहाण्यानं बोटानं दाबून पाहिली. मास्तर अर्ध्या दाढीनिशी खुर्चीतून उभे राहिले. करंगळीत जणू कुणी सुई घुसवली होती.

त्या संध्याकाळी घरी, बाई खाली भाजी घेत असताना, मास्तर कपाटाच्या आरशासमोर उघडे उभे राहिले. गाठ होती. ओव्हरकोटाच्या बटणाएवढी, कातडीखाली खोल, गुळगुळीत. डावीकडे-उजवीकडे सरकायची, वर-खाली मात्र हलायला तयार नव्हती.  त्यांनी कपाटाचं दार धरलं. समोरच्या दुकानातल्या घड्याळजींचा मेहुणा त्यांना आठवला. त्याचीही मानेतलीच गाठ, आणि घड्याळजी ती गोष्ट सांगताना नेहमी शेवटी चुटकी वाजवायचे. "तीन महिने. आटोपला कारभार." मास्तरांना ती चुटकी ऐकू आली.

दुसऱ्या कुणी बायकोला हाक मारली असती. मास्तरांनी खिळ्यावरची टेप काढली. आपल्या गळ्याभोवती धरली आणि माप घेतलं. सव्वापंधरा. एरवी त्यांचा गळा बरोब्बर पंधरा. मग त्यांनी गिऱ्हाइकांच्या मापांची वही उघडली, शेवटचं कोरं पान काढलं, नावाच्या जागी काहीच लिहिलं नाही आणि खाली तारीख घालून आकडा टाकला. भीतीचं माप घेतलं की ती आटोक्यात येते, अशी काहीतरी त्यांची समजूत असावी. आली नाही. पण दर रविवारी माप घ्यायचं, हे ठरलं.

बाईंना सांगायचं नाही हेही ठरलं. सांगितलं की खरं होणार, असं त्यांना वाटत होतं. एका पन्नाशी उलटलेल्या, हिशेबी, फटकळ माणसाला असं वाटावं याची गंमत वाटते, पण घाबरलेल्या माणसाचं वय कुणी विचारू नये.

इस्पितळात ते बटणं आणायच्या नावाखाली गेले. सर्जन एक बाई होत्या, हातानं लहानखुऱ्या आणि बोलण्यात मोजक्या. त्यांनी गाठ दोन बोटांत धरून आडवी हलवली, उभी हलवून पाहिली, मग वर हलकेच टिचकी मारली. मास्तर कळवळले.

"करंगळीत जाते ना कळ?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाठ सांगते. ही नसेवर बसलीय असं वाटतंय. फोटो काढू, सुईनं तपासू, मग बोलू."

त्या 'मग बोलू'नं मास्तरांची झोप उडाली. सोनोग्राफी झाली. पुन्हा बटणं आणायला जाऊन ते एमआरआयच्या बोगद्यात वीस मिनिटं पडून आले. आत ठोकाठोकी चालली होती आणि वर छत नाकापासून चार बोटांवर होतं. हलायचं नाही असं सांगितल्यामुळे त्यांना श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. मग सुई. ती गाठीत शिरली तेव्हा करंगळीपर्यंत असा लोळ गेला की मास्तरांच्या तोंडून एक शिवी निघाली. सर्जनबाईंनी ती ऐकली नाही असं दाखवलं.

रिपोर्टला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत भीतीनं मास्तरांना वेगळंच काम सुचलं. जाड पुठ्ठा आणून त्यांनी आपल्या जुन्या, नेहमीच्या गिऱ्हाइकांचे साचे कापायला घेतले. प्रत्येकाची कॉलर, खांदा, बाही, पाठ. एकतीस वर्षं जे सगळं त्यांच्या डोक्यात होतं ते पुठ्ठ्यावर उतरायला लागलं. प्रत्येक साच्यावर बारीक अक्षरात सूचना: 'याचा उजवा खांदा पडका', 'याला कॉलर घट्ट नको, चिडतो'. उद्या आपण नसलो तरी बाईंना कापड बेतता यावं म्हणून. बाईंनी विचारलं, "हे काय नवीन?" मास्तर म्हणाले, "डोकं रिकामं करतोय." बाई मशीनकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी एकाच शिवणीवर तीनदा टीप मारली, हे मास्तरांनी पाहिलं नाही.

आठव्या दिवशी सर्जनबाईंच्या टेबलासमोर बसताना मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

"कर्करोग नाही," सर्जनबाई आधी तेवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मास्तर रडले. तोंड रुमालात घालून, आवाज न करता, खांदे हलवत रडले. सर्जनबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि फोटो उजेडावर लावला.

"मानेतून हाताकडे नसांचा जुडगा जातो. त्यातल्या सर्वांत खालच्या एका नसेच्या आवरणातून ही गाठ निघालीय. श्वानोमा म्हणतात. साधी असते, हळू वाढते. दुसरीकडे पसरत नाही. आता दोन वाटा आहेत. काढायची, किंवा लक्ष ठेवायचं. काढताना नसेला इजा होण्याचा धोका असतो. थोडा, पण असतो. ही नस हाताच्या पंजातल्या बारीक स्नायूंना जाते. चिमूट, पकड, सगळं तिच्यावर."

चिमूट. मास्तरांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. एक भीती दारातून गेली न गेली तोच दुसरी आत आली होती. खडू, कात्री, सुई, टेप. या दोन बोटांवर त्यांचा संसार उभा होता. आता मरायचं नव्हतं, तर हात वाचवायचा होता.

"थांबलं तर?" त्यांनी घाईघाईनं विचारलं.

"वाढत नसेल आणि ताकद शाबूत असेल तर थांबू शकतो. हा कागद धरा, अंगठा आणि तर्जनीत. मी ओढते."

मास्तरांनी कागद धरला. सर्जनबाईंनी ओढला. कागद सरकू लागला तसा मास्तरांनी अंगठ्याचं टोक वाकवून तो नखानं दाबून धरला. गेले काही आठवडे खडू धरताना ते हेच करत होते. कागद सुटला नाही. त्याच वेळी सर्जनबाईंना कुणीतरी दारातून हाक मारली आणि त्यांची मान वळली.

"वाढतेय असं वाटतं का?"

मास्तरांनी अभिमानानं वही काढली. चार महिन्यांचे रविवार. सव्वापंधरा, पंधरा आणि एक सूत, पुन्हा पंधरा आणि एक सूत, पंधरा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे त्यांनी समजावूनही दिलं.

"कमीच होतेय," ते म्हणाले.

"या गाठी आपोआप कमी होत नाहीत सहसा," सर्जनबाई म्हणाल्या, "पण वाढत नसेल तर चांगलंच. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. हात कमजोर वाटला तर मात्र दुसऱ्या दिवशी यायचं. मला न विचारता थांबायचं नाही."

मास्तर त्या दिवशी खरोखरच बटणं घेऊन घरी गेले.

पुढचे महिने त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. वहीतला आकडा पंधरावर टिकून होता, पण करंगळी बधिर होत चालली होती. इस्त्रीला चिकटली तरी कळायचं नाही, वास आल्यावर कळायचं. खडूची रेघ थरथरायची. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस आत गेलं होतं आणि तिथं खळगा पडला होता. ते तो हात खिशात ठेवायला लागले. पाहायचंच नाही म्हटल्यावर खळगा दिसत नव्हता. रविवारी आकडा पंधरा आला की आठवडाभराचा श्वास सुटायचा. मधूनच त्यांच्या मनात येई की सर्जनबाई दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या होत्या. मग ते वही उघडून पंधराचा आकडा बघत आणि पुन्हा मिटत.

मग एक दिवस कोट बिघडला. करड्या लोकरी कापडावर कात्री चालवताना त्यांच्या चिमटीतून ताकदच निघून गेली, पातं वळलं आणि पुढच्या भागावर दीड इंचाचा तिरपा काप गेला. एकतीस वर्षांत मास्तरांची कात्री चुकली नव्हती. मशीन थांबलं. 

बाई उठल्या. त्यांनी जिन्याचं दार आतून लावलं. मग कोपऱ्यातल्या पिशवीतून मास्तरांचेच पाच शर्ट काढून टेबलावर ओळीनं मांडले. गेल्या दहा महिन्यांत मास्तरांनी स्वतःसाठी बेतलेले आणि बाईंनी शिवलेले.

"कॉलरी बघा."

"कॉलरींना काय झालंय?"

"साडेपंधरा. साडेपंधरा. हा पावणेसोळा. हा सोळा. आणि हा मागच्या महिन्यातला, साडेसोळा. अहो, तुमच्या कॉलरी मीच शिवते ना? एकतीस वर्षं साडेपंधराचा माणूस, आणि वर्ष सरायच्या आत साडेसोळा? वजन वाढलं म्हणावं तर पँट सैल होतेय. पुठ्ठ्याचे साचे काढलेत तेव्हाच मला कळलं. पाच वेळा बटणं आणायला गेलात आणि बटणं आली एकदा. मला वाटलं आज सांगाल, उद्या सांगाल. मलाही विचारायची भीती वाटत होती हो. आता नाही राहवत. काय आहे मानेत?"

मास्तरांनी सांगितलं. सगळं. न्हाव्यापासून कागदापर्यंत. बाई उभ्यानं ऐकत होत्या. कर्करोग नाही हे शब्द आले तेव्हा त्या स्टुलावर बसल्या. मग मास्तर म्हणाले, "आणि वाढत नाहीये. हे बघ. मी मापं घेतलीत." वही त्यांच्या पिशवीतच होती.

बाईंनी पान वाचलं. मग शर्टांकडे पाहिलं.

"माप पंधरा, मग कॉलर साडेसोळा का बेतलीत?"

 खरंच, का बेतली? कॉलर आवळत होती म्हणून. मानेला जे कळत होतं ते हातानं कापडात उतरवलं होतं, वहीला मात्र सांगितलं नव्हतं.

"कुठल्या टेपनं घेतलंत?"

मास्तरांनी गळ्यातली टेप चाचपली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "घरची. खिळ्यावरची."

 घर दुकानाच्या मागेच होतं. बाई गेल्या, टेप घेऊन आल्या, तिचं पितळी टोक स्वतःच गजाच्या सुरुवातीला दाबून धरलं आणि दुसरा हात फिरवत नेला. गजाचे छत्तीस इंच संपले तिथं ती टेप पस्तीस म्हणत होती. मग त्यांनी मास्तरांच्या गळ्यातली नवी टेप काढली, मास्तरांच्या मानेभोवती सैल टेकवली, ओढली नाही, आणि वाचलं.

"सोळा."

"तुझं चुकलं असेल."

"तुम्ही घ्या. नव्या टेपनं घ्या."

मास्तरांनी घेतलं. त्यांचे हात आपोआप टेप आवळू लागले. मांसात रुतेपर्यंत. त्यांना आपलेच हात दुकानातल्या आरशात दिसले. दुसऱ्या कुणाच्या हातांनी असं केलं असतं तर त्यांनी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

"अर्धा इंच टेपनं खाल्ला," बाई म्हणाल्या, "आणि अर्धा तुमच्या हातानं." त्यांच्या आवाजात राग होता, आणि त्या रडत होत्या. "तुम्ही! जगाला टेप बदला म्हणून सांगणारे तुम्ही!"

मास्तर टेबलाला टेकून उभे राहिले. लाज वाटत होती, पण लाजेच्या खाली भीती होती आणि ती आता मोजता येत नव्हती. चार महिन्यांपूर्वी आपण डॉक्टरांना खोटं माप दिलं. गिऱ्हाइकाला दिलं असतं तर शर्ट बिघडला असता. हे हातावर बेतलं होतं.

दुसऱ्याच दिवशी दोघं इस्पितळात गेली. मास्तरांनी सर्जनबाईंना वही, टेप आणि वाकवलेला अंगठा, सगळ्याची कबुली दिली. सर्जनबाईंनी वही बाजूला ठेवली.

"मी वहीवर चालत नाही, फोटोवर चालते. पण तुम्ही लवकर यायला हवं होतं. आणि अंगठा वाकतो तो चिमटीत जोर नसला की, ते मलाही दिसायला हवं होतं. पुन्हा धरा कागद. अंगठा सरळ."

कागद हलकेच ओढताच निघून आला. नव्या फोटोत गाठ दीडपट झाली होती. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"कापणार म्हणजे नस कापणार?" मास्तरांनी विचारलं. 

"नाही. नसेचे धागे गाठीच्या अंगावरून पसरलेले असतात. बारीक विजेनं एकेक जागा तपासायची. जिथं बोटं उडत नाहीत तिथं कामाचा धागा नाही. तिथंच आवरण उभं उघडायचं, धाग्यांच्या दिशेनं, आणि गाठ आतून सोडवून काढायची. एक धागा बहुतेक गाठीतच गेलेला असतो, तो सोडावा लागतो. बाकीचे राखायचे."

"म्हणजे अस्तर उसवून आतला बोळा काढायचा."

"तसंच समजा."

"आणि उसवताना कापड फाटलं तर?"

 "फाटू शकतं. मी तुम्हाला खोटा आकडा देणार नाही. बहुतेकांचा हात राहतो. काहींचा कमजोर होतो, काही महिन्यांनी सुधारतो. थोड्यांचा तसाच राहतो. पण काढली नाही तर तुमचा नक्की जाईल."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मास्तरांना हिरवा झगा घालायला दिला. त्याला कॉलरच नव्हती. गळा उघडा पडल्यावर त्यांना फारच भीती वाटायला लागली. चाकांच्या खाटेवरून नेताना छतावरचे दिवे एकामागून एक मागे जाऊ लागले तसे ते मोठ्यानं म्हणाले, "थांबा, मला घरी जायचंय." ढकलणाऱ्या माणसानं असं पुष्कळदा ऐकलं असावं, तो थांबला नाही. बाई बाजूनं चालत होत्या. दारापाशी त्यांना सोडावं लागलं. "साचे आहेतच," मास्तर म्हणाले. "गप्प बसा," बाई म्हणाल्या, "मला तुमचं अक्षर लागत नाही."

आत गारठा होता. सगळं अंग चादरीखाली झाकलं, फक्त उजवा पंजा उघडा ठेवला. एक तरुण मुलगी त्या पंजापाशी स्टूल घेऊन बसली. "मी फक्त तुमच्या बोटांकडे बघणार आहे," ती म्हणाली. "जरा हलली की ओरडणार." मास्तरांना तिला सांगायचं होतं की पोरी, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. पण भूल आधी लागली.

जाग आली तेव्हा खिडकीत दुपारचं ऊन होतं. मानेला जाड पट्टी, त्यामुळे डोकं वळेना, खाली बघता येईना. घसा कोरडा. सर्जनबाई कधीतरी येऊन गेल्याचं अंधूक आठवत होतं. "पूर्ण निघाली. एक धागा गेला. बाकी राखलेत. हात हलवून बघा." मास्तरांनी हात हलवला नव्हता. झोपल्याचं सोंग घेतलं होतं.

आताही ते हलवत नव्हते. पांघरुणाखाली उजवा हात कुठंतरी होता. करंगळी तर जाणवतच नव्हती. जोवर हलवत नाही तोवर तो गेलेला नाही, असं त्यांचं पुन्हा चाललं होतं. परिचारिका दोनदा म्हणाली, "काका, मूठ करा बघू." ते म्हणाले, "दुखतंय." हात दुखत नव्हता.

बाई खाटेशेजारी बसल्या होत्या.  मग पिशवी उघडल्याचा आवाज झाला. पांघरूण सरकलं. मास्तरांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला काहीतरी गार लागलं. पितळ. नवी टेप.

"धरा," बाई म्हणाल्या.

"नको. उद्या."

"धरा. मी ओढते."

मास्तरांनी डोळे मिटले. एवढे ते बोगद्यातही घाबरले नव्हते. त्यांनी चिमूट आवळली. आवळली गेली की नाही ते कळेना.  ते वाट बघत राहिले. टेप सटकली असणार, बाईंना सांगवत नसणार.

"ओढ ना," ते शेवटी म्हणाले.

"ओढतेच आहे कधीची."

"ढिली धरलीयस तू. मला बरं वाटावं म्हणून."

बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी टेप दोन्ही हातांनी वर खेचली. मास्तरांचा हात पांघरुणावरून उचलला गेला, वर आला आणि मान न वळवताही दिसेल असा त्यांच्या डोळ्यांसमोर अधांतरी राहिला. टेप ताठ होती. तिचं पितळी टोक त्यांच्या चिमटीत होतं. करंगळी मेल्यासारखी लोंबत होती, पण टेप सुटली नव्हती.

मास्तर त्या हाताकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, ते पुसायला दुसरा हात मोकळा होता तरी त्यांनी पुसलं नाही.

"वही आणलीयस?" त्यांनी विचारलं.

"आणलीय."

"तारीख घाल. लिही, धरली." ते थांबले. त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं, गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे पाहत तसं. "आणि लिही, अंगठा वाकलाय."

"थोडासाच वाकलाय."

"थोडासा लिहू नकोस," मास्तर म्हणाले. "वाकलाय तसं लिही."